फलक लागले, जेवणाच्या वेळेचे काय?

जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व मंत्रालयांना आणि सरकारी विभागांना एक पत्र धाडले. कार्यालयांच्या उपाहारगृहांत व दर्शनी जागी, पदार्थांत दडलेल्या तेल-साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, सरकारी कागदांवर आरोग्याचे संदेश छापावेत, असे त्यात सुचविले होते. त्याआधी मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेविषयी असेच फलक लावण्यास सांगितले होते. जुलैत या पत्राची बातमी झाली ती मात्र समोसा आणि जिलेबी यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी वळल्याची. कोणत्याही भारतीय पदार्थाला लक्ष्य केलेले नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. चार दिवस थट्टाविनोद झाला आणि प्रकरण मागे पडले.

फलकांना विरोध करण्याचे कारण नाही. माहिती मिळणे केव्हाही चांगलेच. परंतु फलकाखाली उभा राहून वडा खाणाऱ्या कारकुनाला वडा तळलेला असतो हे ठाऊक नाही, असे समजणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होय. त्याला ते ठाऊक असते. डॉक्टरांनी सांगितलेले असते, बायकोने सांगितलेले असते, आणि आता भ्रमणध्वनीवर रोज सकाळी कोणी ना कोणी पाठवीत असते. नोकरदार माणूस अयोग्य खातो तो बहुधा अज्ञानापोटी नव्हे. ज्या घटकेला त्याला कडकडून भूक लागते त्या घटकेला त्याच्या हाताशी दुसरे काही नसते, म्हणून खातो. आहाराचा प्रश्न हा ज्ञानाचा कमी आणि वेळेचा अधिक आहे. हा वेळ कोणाचा, कोण कोणाकडून घेतो आणि कोणाला परत करतो, याविषयी फलक मौन पाळतात.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज त्यांसोबत दिलेला आहे. दुसऱ्या बाजूला २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. नवऱ्याची साखर वाढलेली आणि बायकोचे रक्त कमी, असे एकाच चुलीवर जेवणारे जोडपे आता कोणत्याही चाळीत, कोणत्याही वसाहतीत भेटते. दोघांचे दुखणे निराळे दिसते. मूळ पुष्कळदा एकच असते.

आठ तासांची पोकळी

बदलापूरला राहणारा आणि मंत्रालयाच्या परिसरात नोकरी करणारा एखादा कारकून घ्यावा. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी ठरली आणि दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जेवणासाठी जास्तीत जास्त अर्धा तास ठेवण्यात आला. जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये, अशी ताकीद देणारे परिपत्रक त्यापूर्वी जून २०१९ मध्येच निघाले होते. या परिपत्रकामागे लोकांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती; खेड्यातून एस. टी. ने आलेल्या माणसाने ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य किती काळ ऐकावे, यालाही मर्यादा असली पाहिजे. तेव्हा अर्धा तास हा अन्याय आहे, असे म्हणता येणार नाही. अन्याय असलाच तर तो त्या अर्ध्या तासाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

पावणेदहाला टेबलावर हजर राहायचे तर लोकलचा दीड तास आणि दोन्ही टोकांची पायपीट धरून साडेसातला घर सोडावे लागते. म्हणजे डबा सव्वासातला भरलेला हवा, म्हणजे कणिक साडेपाच-सहाला मळलेली हवी. सकाळी साडेसहाला शिजलेले अन्न दुपारी दीडला उघडले जाते, सात तासांनी, थंड. सव्वासहाला कचेरी सुटते. गाडी, गर्दी आणि वाटेतली भाजीखरेदी आवरून घरी पोचायला साडेआठ होतात. पान मांडले जाते साडेनऊला. दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांच्यामध्ये आठ तासांची पोकळी पडते. माणसाच्या पोटाला कार्यालयीन वेळापत्रक कळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला ते भरून मागते, आणि तेव्हा समोर असतो तो स्थानकाबाहेरचा गाडा.

दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास वडा आणि पाव यांची जोडी जमली, असे सांगतात. तेव्हापासून या पदार्थाने मुंबईच्या लाखो माणसांची संध्याकाळ तारून नेली आहे. त्याला खलनायक ठरविणे सोपे आहे. पण तो एका रिकाम्या जागेत शिरलेला पदार्थ आहे, ती जागा त्याने निर्माण केलेली नाही. उभ्याने, दोन मिनिटांत, खिशाला परवडेल असे गरम काही मिळण्याची दुसरी सोय कोणी केली असती तर वडापावाला स्पर्धक मिळाला असता. कोणी केली नाही.

याच पोकळीत चहा शिरतो. कचेरीतला चहा दिवसाकाठी चार-पाच वेळा होतो. कपात दोन चमचे साखर धरली, तरी पाच कपांचे दहा चमचे, म्हणजे सुमारे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशीत अशी वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे सांगितले आहे. जिलेबीचा तुकडाही न खाता कारकुनाने ती मर्यादा ओलांडलेली असते. शिवाय चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो; म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असे पोषण संस्था सांगते. इकडे प्रथा अशी की, डबा मिटला की चहा मागवायचा. रक्तक्षयाच्या गोळ्या घेणारी टंकलेखिका त्या चहाबरोबरच गोळीही गिळून टाकते. तासभर थांब, असे तिला कोणी सांगत नाही. आणि सांगितले तरी तासाभराने उठून पाण्याचा पेला घेण्याइतकी तिची फाईल तिला सोडीत नाही.

आमटी कोठे गेली

वेळेने ताटातले काय काय नेले याचा हिशेब क्वचितच होतो. डब्यातली आमटी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तीन-चार पुडांच्या जुन्या डब्यात पोळी, भाजी, आमटी किंवा वरण आणि भात अशी मांडणी असे. आज खांद्याच्या पिशवीत, कागद आणि छत्री यांच्यामध्ये बसणारा चपटा डबा आला आणि त्यात पोळी-भाजी तेवढी उरली. कारण अगदी व्यावहारिक आहे: आमटी सांडते. गर्दीच्या लोकलमध्ये हात वर करून उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत पातळ पदार्थ टिकत नाही. पण आमटी म्हणजे डाळ, आणि शाकाहारी घरात डाळ म्हणजे प्रथिनांचा मुख्य आधार. ती गेली की तिची जागा चौथी पोळी भरून काढते. भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीवर आधारलेल्या २०२५ च्या अभ्यासात दिसले आहे. त्या आकड्यात अनेक गोष्टी आहेत. न सांडणारा डबा ही त्यांतील एक असावी.

भाकरीचेही तेच. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून ताटात येते तोवर तिची गोडी. डब्यात ती चिवट होते. पोळी सहा तास मऊ राहते म्हणून शहरात पोळी जिंकली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्या निमित्ताने मोठे सोहळे झाले, आणि बाजारात नाचणीची बिस्किटे, ज्वारीच्या चकत्या आल्या. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे खरे. परंतु साखर आणि चरबी यांच्यात लपेटलेल्या बिस्किटातून ते किती पदरात पडणार?

ही आमटी ज्यांनी पाऊण शतकाहून अधिक काळ न सांडता वाहून नेली त्यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेचे कौतुक देशोदेशींच्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी केले, ते मुख्यतः अचूकतेसाठी. तिचा आहारविषयक गुण मात्र फारसा कोणी सांगत नाही. नवरा आठला बाहेर पडला तरी डबा नऊ-दहाच्या सुमारास घरातून निघे, त्यामुळे स्वयंपाकाला दोन तास मिळत आणि अन्न ताजे राही. पण ही सारी रचना एका गृहीतावर उभी होती: दहा वाजता डबा भरून देणारी बाई घरी असते. ती साडेसातच्या गाडीने स्वतःच नोकरीला निघू लागली तेव्हा डबेवाल्याच्या हाती डबा द्यायला कोणी उरले नाही. पुढे मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, कचेऱ्या घरात आल्या, आणि डबेवाल्यांच्या कामाला मोठाच फटका बसला. गेलेले सगळे ग्राहक परत आले नाहीत.

डबा भरणारीचा डबा

‘वेळ काढा आणि घरचे सकस खा’ हा उपदेश वरवर पाहता पुरुष, स्त्री, दोघांनाही उद्देशून असतो. प्रत्यक्षात तो एकाच व्यक्तीच्या दिवसावर चढविलेला कर आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे घालवितात, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. दहा मिनिटांची ही सुटका पुरुषांनी हात लावल्यामुळे झाली असे म्हणावे, तर त्यांचीही मिनिटे ८८ वर उतरली आहेत. मुळात घरकामात भाग घेणारे पुरुषच चारांत एकाच्या आसपास. हे आकडे ज्या देशाचे आहेत तेथे ‘घरच्या अन्ना’चे गोडवे गाताना आवाज जरा खाली ठेवावा.

तीन डबे भरणारी नोकरदार स्त्री स्वतः काय खाते, हे पाहण्यासारखे आहे. तिच्या डब्यात शेवटची, जरा करपलेली पोळी आणि कढईच्या तळाची भाजी जाते. सकाळी ओट्यापाशी उभ्याने घेतलेला चहा हीच तिची न्याहारी. संध्याकाळी पुन्हा ओटा. शाळेतल्या शिक्षिकेची गोष्ट आणखी विसंगत आहे. मुलांच्या दुपारच्या आहाराचे माप सरकारने ठरवून दिले आहे: प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यामुळे ही योजना कोरड्या तांदळावरून गरम ताटावर आली. उणिवा असतील, तरी दुपारी मुलाला काय मिळावे याचा कोणीतरी ग्रॅममध्ये विचार केला आहे. ते ताट वाढताना, चव पाहताना, नोंदवही भरताना शिक्षिकेची स्वतःची मधली सुट्टी संपून जाते आणि ती चहा-बिस्किटावर पुढच्या तासाला उभी राहते. तिच्या जेवणाचे माप कोणत्याही परिपत्रकात नाही.

विद्यार्थ्यांची अवस्था याहून बरी नाही. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून आलेली मुले-मुली अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतात. खोलीत शेगडी ठेवायला घरमालकाची मनाई, म्हणून दोन वेळा मेस. मेसचे मासिक पैसे वाचावेत म्हणून पुष्कळांचे एकच वेळचे जेवण, दुसऱ्या वेळी पोहे किंवा वडापाव. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मेस बंद पडल्या, तेव्हा या मुलांचे पोट किती नाजूक धाग्यावर टांगलेले होते ते साऱ्या शहराने पाहिले. याच पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या प्रथेत लाचारी होती आणि जातीची कुंपणेही होती. तिचे उमाळे काढण्याचे कारण नाही. तरी शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची जबाबदारी गावाने काही अंशी आपली मानली होती. आज ती सर्वस्वी मुलाच्या खिशाची आहे.

वेळेवर आधी कोणी उपाय शोधला होता का? शोधला होता, आणि दोन अगदी भिन्न ठिकाणी. एक म्हणजे जुने मराठी स्वयंपाकघर. भाजणी, मेतकूट, दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी ही त्या काळातली झटपट अन्नेच होत. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे एकदा भाजून दळून ठेवले की महिनाभर कोणत्याही संध्याकाळी पंधरा मिनिटांत थालीपीठ तव्यावर पडते, आणि त्यात धान्य व डाळ दोन्ही आलेले असतात. दुधात भिजविलेली दशमी प्रवासात दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मोडाची मटकी दोन दिवसांची एकदम करून ठेवता येते आणि तिची कोरडी उसळ डब्यात सांडत नाही. आमटीचा प्रश्न तिने निम्मा सुटतो. वर लिंबू पिळले तर लोह अधिक अंगी लागते. डब्याशेजारी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळे अशी दुसरी छोटी डबी ठेवून ती साडेपाचला, कचेरी सुटण्याआधी, उघडली तर आठ तासांची पोकळी दुभंगते आणि स्थानकावरच्या गाड्यासमोरून ताठ मानेने जाता येते. रात्रीचे जेवणही त्यामुळे हलके होते. यांतले काहीही महाग नाही, परदेशी नाही, भुकटीच्या डब्यातून येणारे नाही. आणि यांतले काहीही असे नाही जे घरातल्या पुरुषाला, अथवा बारावीतल्या मुलाला, करता येणार नाही. मटकी भिजत घालण्यास विशेष प्रतिभा लागत नाही. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला मुलांना कागदाची फुले करायला लावण्यापेक्षा कुकरची शिट्टी आणि कणकेचा गोळा यांची ओळख करून दिली, तर पुढच्या वेळवापर पाहणीतले आकडे कदाचित लाजिरवाणे राहणार नाहीत.

दुसरा उपाय गिरणगावाचा. कोकणातून आणि घाटावरून कुटुंब मागे ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका हा मुंबईच्या उद्योगाचा एक न मोजलेला खांब होता. पाळीवरून सुटलेल्या माणसाला भाकरी, कालवण, उसळ, भात असे पूर्ण ताट ठरलेल्या वेळी मिळे. स्वयंपाकाचा वेळ एका घरात खर्च होई आणि पंधरावीस माणसे त्यावर जगत. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि खानावळींचा मूळ ग्राहकच विरला. पुण्यात हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ केंद्राचा विचारही तोच: राबणाऱ्या माणसाला त्याच्या कामाच्या जागेजवळ, त्याला परवडेल असे, पोटभर आणि स्वच्छ अन्न. २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात देणारी शिवभोजन थाळी आणली, तीही याच वाटेवरची. त्या थाळीत वरण होते हे विसरू नये. कारकुनाच्या डब्यातून जे गेले ते दहा रुपयांच्या ताटात शासनाला आठवले.

येथे खरा मुद्दा येतो. पंधरावीस घरांनी पहाटे पाचला वेगवेगळे कुकर लावण्यापेक्षा एका जागी चांगले शिजावे आणि ते काम करणाऱ्याला त्याच्या मोलासकट मान मिळावा, ही कल्पना जुनी आहे, पारखलेली आहे. मग शेकडो माणसे काम करतात त्या कचेऱ्यांत ती का नाही? १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवण्याची तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांपैकी कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीच्या संहितेत हा आकडा शंभरावर आणला आहे. तरतूद चांगली आहे. पण उपाहारगृह असणे आणि त्यात जेवण असणे या दोन गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी ते सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराला दिले जाते, आणि कमी दरात परवडतात ते पदार्थ कोणते? तळलेले, मैद्याचे, आणि सकाळी करून दिवसभर विकता येणारे. निविदेत जागेचे भाडे असते, भांड्यांची यादी असते, वडा किती ग्रॅमचा असावा हेही असू शकते; डाळ आणि भाजी रोज असलीच पाहिजे अशी अट क्वचितच. तीच अट घालून हे काम बचत गटांना दिले, तर भाजणीचे थालीपीठ आणि उसळ-भाकरी कचेरीच्या जागेतच मिळू शकते आणि तव्यावरून ताटात येण्याचा भाकरीचा हट्टही पुरविला जातो. अशा उपाहारगृहावर तेल-साखरेचा फलक लावला तर तो शोभून दिसेल. वड्याच्या परातीवर लावलेला फलक हा थट्टेचाच विषय होणार.

आणि वेळेचा प्रश्न तर उलट दिशेने चालला आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतील दैनिक कामाचे तास नऊवरून दहा, आणि कारखान्यांतील नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास वाढणार नाहीत, जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल, मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. ते नमूद केले पाहिजे. परंतु त्याच निर्णयात कारखान्यांतील विश्रांतीची सुट्टी पाचऐवजी सहा तासांच्या कामानंतर देण्याचीही मुभा आहे. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला जेवण एक तास पुढे ढकलणे म्हणजे काय, हे कोणत्याही डॉक्टरास विचारावे. अशा माणसाची साखर एकदम खाली जाते, हात कापू लागतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि समोर यंत्र चालू असते. संमतीचा कागद पुढे आला की किती जणांना नाही म्हणता येईल, हा प्रश्न आणखी वेगळा.

एका खात्याने आरोग्याचे फलक लावायचे आणि दुसऱ्याने जेवणाची सुट्टी लांबवायची, यात विसंगती आहे असे निदान मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोणी बोलून दाखवावे. कामाचा दिवस लांबवायचाच असेल तर त्यात दुसरी सुट्टी, वीस मिनिटांची का होईना, सहाव्या आणि नवव्या तासाच्या दरम्यान बंधनकारक करता येते. त्यासाठी नवा कायदा नको, नियमांत दोन ओळी पुरतात. शंभर माणसांच्या उपाहारगृहाची तरतूद करताना रोजच्या जेवणात डाळ आणि भाजी यांचे किमान माप तेथेही लिहिता येते. शाळेतल्या मुलासाठी ते लिहिण्याचा अनुभव शासनाच्या गाठीशी आहेच. कामगार संघटना आणि कर्मचारी संघटना महागाई भत्त्याच्या थकबाकीवर निवेदने देतात, ती त्यांनी द्यावीतच. त्या निवेदनात सातवी-आठवी मागणी म्हणून उपाहारगृहाच्या निविदेची प्रत मागून पाहावी, आणि तिच्यात वरण कोठे लिहिले आहे ते शोधावे.